बुडावरचं साल सोडा, चित्रातली इमारत बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटोही मोठे करून बघितले. म्हणजे आजोबा बोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेतून एक निळी कपबशी आणि एक उंच मग निघाला, कपाच्या बुडाला कुठल्याशा किल्ल्याचं नाव आणि पुढे 'इन १७९२' असं लिहिलंय, खाली जॉन्सन ब्रदर्स मेड इन इंग्लंड, आणि मगावर काचेच्या महालाचं चित्र आहे पण बुडाला काहीच नाही, एकदम कोरं. तुम्हाला वाटतंय कप सव्वादोनशे वर्षांचा म्हणून तो कापडात गुंडाळून कपाटात ठेवलाय आणि मगात सध्या पेनं ठेवलीत. आणि वहिनी विचारतायत की यातून चहा प्यायला चालेल का.

आधी ती पेनं काढा बघू. बाकीचं सांगतेच.

मी डर्बीत राहते, इथून रेल्वेने तासाभरात स्टोक-ऑन-ट्रेंट, म्हणजे इंग्लंडच्या चिनीमातीचं माहेरच. गेली बावीस वर्षं इमारतींची चित्रं असलेले मग, टँकर्ड म्हणजे बिअरचे मोठे मग, कपबश्या जमवतेय, मधली काही वर्षं शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंच्या जत्रेत टेबल लावून विकलेही. सुरुवातीला तुमच्यासारखीच चूक मीही केली होती, बुडावरचं साल वाचून उड्या मारायची.

तर कप १७९२ चा नाहीये. जॉन्सन ब्रदर्स ही कंपनीच मुळी १८८३ मध्ये सुरू झाली, स्टोकमधल्याच हॅनलीत. आणि तुमच्या कपावरची डिझाईन म्हणजे त्यांची 'ओल्ड ब्रिटन कॅसल्स', ती बाजारात आली १९३० मध्ये आणि नंतर अनेक दशकं बनत राहिली, निळी, गुलाबी, तपकिरी वगैरे. प्रत्येक आकाराच्या भांड्यावर वेगळा किल्ला, आणि बुडाला त्याचं नाव आणि साल, ते साल म्हणजे चित्रात ती वास्तू ज्या काळातली दाखवलीये तो काळ, भांडं भाजल्याचा नव्हे. जेवणाच्या मोठ्या ताटलीवर 'ब्लार्नी कॅसल इन १७९२' असतं, जो मुळात आयर्लंडमधला किल्ला आहे, पण 'ब्रिटन'च्या सेटमध्ये त्यालाही बसवलाय, आयरिश माणसासमोर हा विषय काढू नका. जत्रेत दर महिन्याला कुणीतरी ही ताटली छातीशी धरून येतं आणि अठराव्या शतकातली म्हणून सांगतं, आणि खरं सांगताना मलाच वाईट वाटतं. अजून एक बघा, ठशात कुठे डिटर्जंटला टिकणारा रंग अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर तो तुकडा दुसऱ्या महायुद्धानंतरचाच, १७९२ मध्ये कोण डिटर्जंटने भांडी घासत होतं! पण म्हणून कप टाकाऊ नाही हं, सुंदर आहे, रोजच्या कौतुकाचा आहे, फक्त तो इथल्या चॅरिटी शॉपमध्येही मिळतो.

मगाचं तसं नाही.

मगावरचा काचेचा महाल म्हणजे क्रिस्टल पॅलेस. जोसेफ पॅक्स्टनने बांधलेला, १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशनसाठी, लंडनच्या हाईड पार्कात, १ मे १८५१ ला उघडला, तेच प्रदर्शन जिथे आपला कोहिनूर पिंजऱ्यात ठेवून दाखवला होता. त्या वर्षी स्टॅफर्डशायरच्या, म्हणजे स्टोकच्या परगण्यातल्या, भट्ट्यांनी या महालाची चित्रं छापून मग, जग, ताटल्या, झाकणं, काय काय काढलं त्याला सुमार नाही, आणि त्यातल्या साध्या स्वस्त मालावर कारखान्याने स्वतःचं नाव घालायचे कष्ट घेतलेच असं नाही. म्हणून बूड कोरं असणं ही इथे काळजीची गोष्ट नाही, जुन्या स्वस्त मालात कोरं बूड अगदी नेहमीचं.

मग तारीख कशावरून काढायची? इमारतीवरून. हा महाल दोन आयुष्यं जगलाय. हाईड पार्कातला पहिला होता त्याला मधोमध एकच उंच गोल छपराचा आडवा भाग होता, ट्रान्सेप्ट म्हणतात त्याला, आणि तो तसा गोल उंच केला कारण बागेतले जुने एल्मचे वृक्ष तोडायचे नव्हते, ते आतच ठेवले. बाकी लांबलचक इमारत सपाट छपराची, पायऱ्या-पायऱ्यांची. प्रदर्शन संपल्यावर सगळं सोडवून दक्षिण लंडनला सिडनहॅमला नेलं आणि १८५४ मध्ये पुन्हा उघडलं, पण तिथे उभारताना खूप वाढवलं, सगळ्या लांबीवर गोल छप्पर, एकाऐवजी तीन ट्रान्सेप्ट, समोर कारंजी, आणि नंतर दोन टोकांना ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेले पाण्याचे उंच मनोरे. १८६६ च्या डिसेंबरात आग लागून उत्तरेकडचा ट्रान्सेप्ट गेला तो पुन्हा उभा राहिलाच नाही, आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री उरलेलं सगळंच जळालं. आता तुमच्या फोटोत बघा, मधे एकच गोल भाग, दोन्ही बाजू सपाट, मनोरे नाहीत, समोर घोडागाड्या. म्हणजे चित्र हाईड पार्कातलं. तीन गोल भाग आणि मनोरे असते तर मी १८५४ च्या नंतरचा म्हटलं असतं.

याच्यातही एक गंमत आहे. पॅक्स्टनचा आराखडा जुलै १८५० मध्येच लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आला होता, इमारत उभी राहायच्या कितीतरी आधी. त्यामुळे कोरीवकाम करणाऱ्यांना प्रत्यक्ष महाल बघायची गरजच नव्हती, कागदावरून छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवला की झालं. म्हणून काही मगांवर प्रमाण चुकलेलं असतं, खिडक्या कमी-जास्त, झेंडे मनाला येतील तितके. मला असे चुकलेले जास्त आवडतात. बरोबर काढलेल्या महालापेक्षा ऐकीव महालात त्या कोरणाऱ्याचा हात दिसतो.

हीच युक्ती बाकी इमारतींना लावा. विंडसर कॅसलचा गोल बुरूज बघा, तो जुन्या चित्रांत बुटका दिसतो कारण राजा चौथा जॉर्ज याच्यासाठी वास्तुकार वायटव्हिलने किल्ल्याचं मोठं काम काढलं त्यात हा बुरूज साधारण तीस फूट उंच केला, म्हणजे बुटका बुरूज असेल तर मूळ चित्र त्याआधीचं. लंडनचं पार्लमेंट ऑक्टोबर १८३४ मध्ये जळालं, आज आपण पोस्टकार्डवर बघतो ते नंतरचं, आणि बिग बेनच्या घड्याळाचा मनोरा तर १८५९ चा, मनोरा दिसला की त्याआधीची बातच नको. टॉवर ब्रिज १८९४ चा. लोक टॉवर ब्रिजचं चित्र असलेला मग 'जॉर्जियन', म्हणजे १८३० च्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातला, म्हणून विकायला ठेवतात, तेव्हा मी काही बोलत नाही, नुसती पुढे जाते. आणि फाँटहिल ॲबी नावाचा एक अचाट वाडा होता विल्टशायरमध्ये, विल्यम बेकफर्ड नावाच्या अतिश्रीमंत माणसाने बांधलेला, त्याचा मनोरा डिसेंबर १८२५ मध्ये आपल्या आपण कोसळला, तो वाडा त्या काळच्या निळ्या भांड्यांवर दिमाखात उभा आहे. पण इथे सावध. वाडा कोसळतो, तांब्याचा पत्रा कोसळत नाही, कारखान्याला वाटेल तोवर तो छापत राहतो. म्हणजे इमारत तुम्हाला 'याच्या आधीचं नाही' हे पक्कं सांगते, 'याच्या नंतरचं नाही' हे सांगत नाही. त्यासाठी भांडं हातात घ्यावं लागतं.

हातात घेतल्यावर काय बघायचं, तर छपाई. आणि छपाई समजून घ्यायची असेल तर स्टोकमधल्याच बर्स्लेमला मिडलपोर्ट पॉटरीत जा कधी इकडे आलात तर, १८८० च्या दशकाच्या शेवटी कालव्याच्या काठावर बांधलेला कारखाना, बर्ली नावाच्या ब्रँडचा माल बनतो तिथे, आणि टिश्यू पेपरवरून हाताने छपाई करायची जुनी पद्धत तिथे अजून चालू आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तासभर हललेच नाही. तांब्यावर चित्र कोरलेलं असतं, तेलात कालवलेला रंग त्याच्यावर गरम असताना भरतात, वरचा पुसून टाकतात, खाचांतला राहतो, मग त्याच्यावर पातळ टिश्यू दाबून चित्र कागदावर उचलतात. एक बाई कात्रीने कागदाचे तुकडे करते, दुसरी ते तुकडे एकदा भाजलेल्या पण अजून झिलई न चढवलेल्या कपावर चिकटवते आणि ताठ ब्रशने अशी घासते की आपल्याला वाटावं कप फुटणार. मग पाण्यात बुडवून कागद धुऊन काढतात आणि रंग मातीत राहिलेला असतो. नंतर तेल जाळायला हलकं भाजायचं, मग झिलईत बुडवायचं, मग पुन्हा भट्टी. म्हणजे चित्र काचेसारख्या थराच्या खाली कायमचं बंद. म्हणूनच दोनशे वर्षं घासूनही ते जात नाही. आणि सुरुवातीला सगळं निळंच का, तर झिलईच्या भट्टीची आच तेव्हा खात्रीने सोसायचा तो कोबाल्टच. स्टोकच्या स्पोड नावाच्या कुंभाराने १७८० च्या दशकात ही झिलईखालची निळी छपाई जमवून आणली, हिरवा, तपकिरी, गुलाबी असे रंग साधारण १८२० च्या दशकाच्या शेवटी आले. तेव्हा गुलाबी कपावर कोणी 'अठरावं शतक' म्हणालं तर हसून सोडून द्या.

आता कागद सपाट आणि मग गोल, त्यामुळे कुठेतरी सांधा येणारच. तो शोधा. बहुतेक कानाजवळ असतो, किंवा काठावरच्या नक्षीत एखादं फूल अर्धंच कापलेलं दिसतं, पान दुसऱ्या पानावर चढलेलं. हा दोष नाही, ही सही आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, जवाहिऱ्यांकडे असतं तसलं, आणि चित्र बघा. कोरीव छपाईत रेघा आणि टिंबं दिसतात, कमी-जास्त जाड, माणसाच्या हाताची. नंतरच्या लिथो किंवा स्क्रीनच्या स्टिकरसारख्या छपाईत एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते किंवा रंगाचे सपाट डाग, आणि बोट फिरवलं तर कधीकधी चित्राची कडा लागते. तुमच्या मगाचा एकच क्लोजअप आहे आणि त्यात मला रेघा दिसतायत, पण खात्रीसाठी भिंगातूनच बघा, मोबाईल भिंगाला लावून फोटो येतो चांगला.

बुडाकडे पण बघा, कोरं असलं तरी बोलतं ते. भट्टीत टेकवलेल्या तिवईचे तीन छोटे व्रण, कडेला साचलेली झिलई, ती साचलेली झिलई निळसर झाक मारत असेल तर तो पर्लवेअर म्हणजे साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातला प्रकार, पिवळसर लोण्यासारखी असेल तर क्रीमवेअर. आणि बुडाची कड खरोखर झिजलेली असावी, वर्षानुवर्षं टेबलावर सरकल्याने येणारी बारीक वेडीवाकडी ओरखड्यांची झीज, सँडपेपरने मारलेली एकाच दिशेची नव्हे.

ठसे असतात तेव्हा त्यांचा उपयोग होतोच, मी नाही म्हणत नाही. मोटामोटी एवढं डोक्यात ठेवा की नुसतं 'इंग्लंड' असेल तर बहुधा १८९१ नंतरचं कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, 'मेड इन इंग्लंड' म्हणजे विसावं शतक. चौकट तिरकी करून आत अक्षरं-आकडे असलेली नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ मधली, आणि १८८४ पासून सरळ आर-डी नंबर, एकपासून सुरू, १९०० च्या आसपास तो साडेतीन लाखांवर गेला होता. पण ही नोंदणी डिझाईनची, तुकड्याची नव्हे, डिझाईन त्यानंतर वीस वर्षंही चालू शकतं. आणि तो सिंह आणि एकशिंगी घोड्याचा राजचिन्हाचा ठसा, त्याला बघून राणीच्या घरातलं समजू नका, कोणीही लावायचे. आजकाल नव्या नकली मालावर तर तोच सगळ्यात मोठा आणि धुरकट छापलेला असतो.

वेजवुड या नावाने मात्र भलेभले फसतात. जोसाया वेजवुड या नामांकित कुंभाराची कंपनी एक, आणि स्टोकमधल्या टनस्टॉलची वेजवुड अँड कंपनी ही वेगळीच, तीच पुढे १९६५ मध्ये ईनॉक वेजवुड झाली आणि १९८० मध्ये मोठ्या वेजवुडने गिळली. त्यांची 'रॉयल होम्स ऑफ ब्रिटन' नावाची मालिका आहे, राजवाड्यांची, छान आहे, स्वस्त आहे, जरूर घ्या, पण जोसायाच्या मालाच्या किमतीला नको. त्याहून मजेदार म्हणजे स्टॉकटनच्या एका कारखान्याने मधे एक जास्तीचा 'ई' घालून वेजवुड नाव छापायला सुरुवात केली होती, १८४८ मध्ये कोर्टाने थांबवलं. म्हणजे ब्रँडच्या नावात एक अक्षर फिरवून माल खपवायची कला आपल्या रस्त्यावरच्या बुटांपासून सुरू झालेली नाही.

खऱ्या जोसायाचं या विषयातलं काम बघायचं तर ते फ्रॉग सर्व्हिस. रशियाच्या कॅथरीनसाठी १७७३-७४ मध्ये केलेला ९५२ तुकड्यांचा सेट, त्यावर ब्रिटनमधली खरी दृश्यं, वाडे, किल्ले, पडके मठ, बागा, मिळून १,२२२, आणि प्रत्येकावर एक हिरवा बेडूक कारण ज्या महालासाठी तो होता ती जागा बेडकांच्या दलदलीची. तो हाताने रंगवलेला आहे आणि सेंट पीटर्सबर्गला हर्मिटाज संग्रहालयात आहे, आपल्या कोणाच्या हाती लागणार नाही. पण 'भांड्यावर खरी, नाव असलेली इमारत' ही हौस किती जुनी आहे ते त्यातून कळतं.

बेडकावरून आठवलं, संडरलंडचे मग. उत्तरेला वेअर नदीवर १७९६ मध्ये लोखंडी पूल झाला, एकाच कमानीचा, खालून शिडाची जहाजं जायची, त्या काळात लोकांनी तोंडात बोट घातलं इतकं नवल. तो पूल तिथल्या कुंभारांनी दशकानुदशकं मगांवर आणि जगांवर छापला, बाजूने गुलाबी चकाकीचे शिंतोडे, मागे खलाशांची गाणी. आणि काही मगांच्या आत, तळाजवळ, मातीचा बेडूक बसवलेला. बिअर पिता पिता बेडूक वर येतो आणि पिणारा दचकतो. एका लिलावाच्या आधी मी असा मग हातात घेतला, आत बोट घातलं आणि माहीत असूनही दचकले. घेतला नाही, माझ्या ठरवलेल्या आकड्याच्या दुप्पट गेला. तुम्हाला कधी मिळाला तर बेडकाचे पाय तपासा, तेच आधी तुटतात, आणि नवीन नकला भरपूर आहेत त्यामुळे बेडूक बघून भान हरपू नका.

तुम्ही विचारलंय की भारतातल्या इमारती या भांड्यांवर आहेत का. आहेत ना! थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ भारतभर चित्रं काढत फिरले, परत जाऊन 'ओरिएंटल सीनरी' हा मोठा चित्रसंग्रह काढला, आणि लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम पॉटरीने त्यातल्या चित्रांवरून भारतातल्या देवळा-किल्ल्यांची निळी भांडी केली. कधी कधी एकाच ताटलीवर दोन-तीन ठिकाणांचे तुकडे जोडलेले, देऊळ एका गावचं, झाड दुसऱ्या. ही बहुतेक ताटल्या आणि मोठी थाळकी, पिण्याची भांडी कमी. त्याच डॅनियलने नंतर जेम्स वेल्सच्या वेरूळच्या चित्रांचाही संग्रह काढला, हा वेल्स पुण्यात पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणारा स्कॉटिश माणूस. कैलास लेणं छापलेला मग मी आजवर शोधतेय. अशी दुसऱ्याची चित्रं उचलणं १८४२ च्या कॉपीराइट कायद्याने अवघड झालं, तेव्हा कुंभारांनी मनातलेच किल्ले काढायला सुरुवात केली, तळं, होडी, मागे कुठल्याच देशात नसलेला वाडा. त्यामुळे चित्रातली इमारत ओळखता येत नसेल तर दर वेळी तुमचं अज्ञान असेल असं नाही, ती कदाचित कुठेच नसेल.

आता घ्यायचा तर तपासायचं कसं. मगाला एका हाताच्या तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारा. चांगला तुकडा बोलतो, तडा असलेला थप्प करतो. मातीचे मग बोन चायनासारखे घंटीसारखे वाजत नाहीत, पण थप्प आणि टण्णमधला फरक चार-पाच मग वाजवले की कान पकडतो. टवके काठावर बोट फिरवून बघायचे, डोळे मिटून, डोळे फसवतात. झिलईतली बारीक जाळी मातीच्या भांड्यांत चालायचीच, पण जाळीतून तपकिरी डाग खाली उतरलेले असतील तर चहा किंवा बिअर आतपर्यंत मुरलीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कान. मगाचा कान जिथे अंगाला चिकटतो त्या दोन जागा भिंगाने बघा, कान तुटून चिकटवलेला असेल तर तिथेच कळतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च चारशे-पाचशे रुपयांत मिळतो, अंधारात मारा, नव्या गोंदाची, रंगाची डागडुजी वेगळी चमकते.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. पहिल्या वर्षी मी हौसेने शिसवी कपाटाच्या खालच्या पट्टीला पितळी हूक मारले आणि आठ मग कानाने टांगले, मासिकात दाखवतात तसे. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनचं चित्र असलेला माझा सगळ्यात लाडका मग तेव्हाच गेला, रात्री, कोणी हातही लावला नव्हता. कान हूकला तसाच लटकलेला आणि मग खाली फरशीवर. आधीची चिकटवलेली जागा होती ती, विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. पॅव्हेलियन म्हणजे ते समुद्रकाठचं घुमट-मिनारांचं बांधकाम, वास्तुकार नॅशने १८१५ ते १८२३ मध्ये असं नटवलं, आणि पहिल्या महायुद्धात तिथे जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. त्या घुमटांच्या पाच तुकड्यांचा डबा अजून आहे माझ्याकडे. तेव्हापासून सगळे मग फळीवर, बुडावर उभे, कधीही कानाने टांगलेले नाहीत, आणि उचलतानाही कानाला धरून नाही, अंगाला धरून.

धुताना कोमट पाणी, साधा साबण, सिंकमध्ये खाली टॉवेल. डिशवॉशर अजिबात नाही, सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्हही नाही. आणि डाग काढायला कपड्यांचं ब्लीच लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते मातीत मुरतं, आत क्षार बनतात आणि काही महिन्यांनी झिलई पापुद्र्यासारखी उडायला लागते. डाग राहिला तर राहू द्या.

किंमत आणि सुरुवात. तुमच्या कपबशीसारखी विसाव्या शतकातली चीज इकडे रविवारच्या कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजाराला, दोन-पाच पौंडात मला मिळते, जत्रेत दहापर्यंत. हाईड पार्कवाला मग, धड स्थितीत, वेगळ्या दर्जाचा, पण आकडा फोटोवरून सांगणार नाही, कानाजवळ एक काळी रेघ दिसतेय ती सावली आहे की तडा ते कळल्याशिवाय कोणी शहाणा माणूस सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याला विकू नका. नवीन जमवणार असाल तर माझं ऐका, सगळ्या इंग्लंडच्या इमारती नका घेऊ, एकच इमारत घ्या. एकच! विंडसर घ्या नाहीतर क्रिस्टल पॅलेस घ्या, एका इमारतीचे दहा मग शेजारी ठेवले की छपाई, रंग, झिलई, खरं-खोटं सगळं आपोआप दिसायला लागतं, दहा वेगवेगळ्या इमारतींत नुसते दहा मग दिसतात. मुंबईत चोर बाजारात आणि पुण्यात जुन्या बाजारात इंग्लिश माल येतो, जुन्या पारशी घरांतली कपाटं रिकामी होतात तेव्हा चांगला येतो, पण तिथे दुकानदार साल वाचूनच भाव सांगतो, तेव्हा त्याला साल वाचू द्या आणि तुम्ही सांधा शोधा.

राहिला वहिनींचा प्रश्न. जुन्या झिलईत शिसं असायचं, आणि जाळी पडलेल्या झिलईतून ते उतरू शकतं, त्यात लिंबाचा चहा किंवा सरबतासारखं आंबट काही असेल तर जास्तच. त्यामुळे क्रिस्टल पॅलेसच्या मगातून काहीही पिऊ नका, एकदाही नाही, त्याला फळीवरच शोभू दे. किल्ल्याचा कप त्या मानाने अलीकडचा, पण त्याचं नेमकं दशक कळेपर्यंत त्यालाही रोजच्या वापरात घेऊ नका, पाहुणे आले की बशीसकट बाहेर काढून दाखवा. आणि कानाचा फोटो पाठवा, उन्हात काढलेला, दोन्ही बाजूंनी, मगातली पेनं काढून.